कॉलनीतली गादी

मे महिना लागला की आमच्या घरात नवं सामान यायचं. नवं म्हणजे आम्हाला नवं. भातसानगरला धरणाची कॉलनी होती आणि तिथे दर उन्हाळ्यात बदल्या व्हायच्या. बदली झालेली माणसं ट्रकमध्ये मावेल तेवढं भरायची आणि उरलेलं क्वार्टरच्या मागे, कचऱ्याच्या ढिगावर टाकून निघून जायची. माझी आई तिथे धुणीभांडी करायला जायची. त्या ढिगाकडे ती आठवडा बाजाराला गेल्यासारखी बघायची, म्हणजे अजिबात घाई न करता, आधी एक फेरी मारून.

त्यामुळे आमचं घर अर्धं कॉलनीतलंच होतं. भांड्यांची मांडणी म्हणजे कुठल्यातरी खिडकीची लोखंडी जाळी, भिंतीत खुंट्या ठोकून आडवी टांगलेली. कुकरला दांडा नव्हता, आई तो सांडशीने उचलायची. माझ्या अभ्यासाच्या टेबलाला तीन पाय होते आणि चौथ्याच्या जागी धरणाच्या कामावरचा सिमेंटचा ठोकळा. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार एका साहेबांच्या कपाटाचं होतं आणि त्याला आरसा तसाच होता. कोंबडा रोज सकाळी त्या आरशाशी भांडायचा. वडिलांना हे काहीच आवडायचं नाही. ते वासिंदला एका कारखान्यात पाळीवर जायचे, जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांत ऊठबस, त्यामुळे त्यांना लाज वाटायची. 'लोकांचं उष्टं' म्हणायचे आणि त्याच कुकरमधला भात मागून मागून घ्यायचे.

आईचे मात्र नियम होते. जे भिंतीला टेकवून उभं ठेवलंय ते कोणाचं तरी आहे, त्याला हात लावायचा नाही. जे आडवं पडलंय ते टाकलेलं. मन खात असेल तर शेजारचं दार वाजवून विचारायचं. देवाचे फोटो आणि चपला आणायच्या नाहीत. आणलेली वस्तू त्या दिवशी अंगणातच राहायची; राखेने घासून, मिठाच्या पाण्याने धुऊन उन्हात टाकलेली. मगच ती उंबऱ्याच्या आत यायची.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण ओढ्यापलीकडे नेऊन टाकतात. टाकण्याआधी त्याला मधोमध विळ्याने चीर देतात. ती चीर हीच खूण. चिरलेलं अंथरूण दिसलं की गुरं राखणारी पोरंसुद्धा लांबून वळसा घालतात. मेलेल्या माणसाला आपली निजायची जागा आठवते आणि तो ती हुडकत येतो, असं आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. मी शाळेत जात होते तरी मला ते खरं वाटायचं. आईच्या तर हे इतकं अंगात मुरलं होतं की तिच्या मनात ते उलटही पक्कं बसलं होतं: चीर नाही, म्हणजे मेलेल्याचं नाही. कॉलनीतली माणसं कुठून कुठून आलेली. त्यांना आमचा हा रिवाज ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. ही एवढी साधी गोष्ट आमच्या कोणाच्या डोक्यात आली नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा मी आठवीत जाणार होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, आणि चैत्रात तिला मुलगा झाला. आमच्याकडे लेक बाळाला घेऊन सासरी परतते तेव्हा माहेरून बाळंतविडा पाठवतात, आणि त्यात कापसाची गादी असली तर माहेराची मान वर राहते. कापूस आणायची आमची ऐपत नव्हती. आणि आईला विहिणीची धास्ती होती. बहिणीचं सासर मुरबाडच्या आत, म्हशाच्या बाजूला. विहीणबाई उंच, आवाज खणखणीत. लग्नात त्या आमच्या भांड्यांना हात लावून 'जरा पातळ हायेत' एवढंच म्हणाल्या होत्या. ते एक वाक्य आईला वर्षभर पुरलं.

मेच्या अखेरीस आई मला कॉलनीत बरोबर घेऊन गेली, कारण एकटीला उचलणार नाही असं काहीतरी तिने हेरलं होतं. ढिगाच्या कडेला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोठी गादी पडली होती, गुंडाळून सुतळीने बांधलेली. आईने सुतळी सोडली, गादी पुरती उलगडली, दोन्ही अंगांनी हात फिरवला, शिवणी उसवून ढेकूण बघितले. काही नव्हतं. चीर तर नव्हतीच. बाजूला पुठ्ठ्याची खोकी, एक फुटका पाट, जुनी कॅलेंडरं. शेजारच्या दाराला कुलूप होतं, ती माणसं सुट्टीला गावी गेलेली. 'बदलीवाल्यांची हाय,' असं म्हणून आईने सुतळी परत बांधली. जंगलातल्या पायवाटेने आम्ही ती गादी डोक्यावर घेऊन आलो, आई पुढे आणि मी मागे. मला पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त आईच्या टाचा दिसत होत्या. मी त्या टाचा बघत चालले होते आणि खूप खुशीत होते.

पिंजारी आला. त्याने कापूस उन्हात पसरला, पिंजला, आणि अंगणभर तो असा फुलला की आई हसायलाच लागली. खोळ मात्र तिने नव्या कापडाची शिवली, शहापूरच्या बाजारातून फुलाफुलांचं कापड आणून. बाळ-बाळंतीण दोघं मावतील एवढी गादी झाली. तरी थोडा कापूस उरला. त्याची तिने माझ्यासाठी उशी केली. तोवर मी हाताच्या कोपराची उशी करून झोपत होते. मला उशी मिळाली म्हणून मी मैत्रिणींना घरी बोलावून ती दाखवली.

मिरग लागायच्या आत बहीण बाळाला घेऊन सासरी गेली. पुढे भेटलेल्या कोणाकडून तरी निरोप आला, गादी मोठी चांगली आहे असं विहीणबाई म्हणाल्या. आईने तो निरोप माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतला.

श्रावणात एका दुपारी आई कॉलनीतून लवकर परत आली. भर पावसात ओट्यावरच बसून राहिली, आत येईना. मी टॉवेल दिला तर तो तिने हातातच धरला. मग हळूहळू तिने सांगितलं. ज्या बाईंकडे ती कामाला जायची त्यांच्याशी बोलताना सहज विषय निघाला, आणि आईने कौतुकाने गादीचं सांगितलं. तेव्हा बाई म्हणाल्या, ती गादी बदलीवाल्यांची नव्हे. मागच्या क्वार्टरमध्ये एका कर्मचाऱ्याचे वडील होते, उन्हाळ्यात वारले. शेवटचे काही महिने ते त्याच गादीवर होते. क्षय झाला होता त्यांना. बाई भल्या होत्या. आधी ठाऊक असतं तर मी नेऊच दिली नसती, असं त्या परत परत म्हणत होत्या.

सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात क्षयाचा धडा होता आणि मी तो घोकून पाठ केला होता: रेंगाळणारा खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, वजन कमी होणं, थुंकीतून रक्त. परीक्षेत हा प्रश्न आला तेव्हा मला आनंद झाला होता. आता ती उत्तरं एकेक करून आठवायला लागली, आणि प्रत्येक उत्तराबरोबर मी आपली मान, कपाळ, छाती चाचपून बघितली. त्या कापसावर आम्ही दोघं झोपत होतो. तिकडे बाळ आणि इकडे मी.

आई उठली, आत गेली, माझ्या अंथरुणावरची उशी घेतली, विळा घेतला आणि तशीच पावसात ओढ्याकडे चालती झाली. परत आली तेव्हा विळा धुतलेला होता. तिने आपलं एक जुनं लुगडं घडी करून माझ्या उशाशी ठेवलं आणि वडिलांना यातलं काही सांगायचं नाही अशी मला ताकीद दिली. मग बाळाविषयी बोलायला लागली. त्याचं नाजूक अंग, इवलीशी छाती, चोवीस तास त्या गादीवर पडून असेल ते. माझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही.

तिची भीती आणि माझी भीती एक नव्हती, आणि त्याने जास्तच घाबरायला झालं. मी रोगाला भीत होते. आई म्हाताऱ्याला भीत होती. तो आपली जागा हुडकत येईल, तिथे लेकरू दिसेल, आणि मग काय होईल हे ती बोलायची नाही. नुसतं अंगावर शहारा आल्यासारखे दंड चोळायची. खरं सांगायचं तर काही दिवसांत मीही दोन्हीला भ्यायला लागले. म्हातारा आधी कोणाकडे येईल असा मी विचार करायचे. कापूस तिकडे जास्त गेलाय तर आधी तिकडे जाईल, असं वाटून क्षणभर हायसं व्हायचं, आणि लगेच आपण बाळाच्या जिवावर उठलोय असं वाटून रडू यायचं. वर्गात कोणी खोकलं की माझं अंग ताठ व्हायचं. संध्याकाळी चुलीपाशी बसलं की अंग गरम लागायचं आणि तो ताप चुलीचा की छातीचा ते कळायचं नाही. आईला विचारायची सोय नव्हती, कारण तिच्या तोंडात एकच होतं, बाळ.

तिसरी एक भीती होती, ती दोघींनाही पुरती ठाऊक होती. मेलेल्याची गादी बाळंतविड्यात पाठवली, हे विहीणबाईंना कळलं तर त्या काय म्हणतील? आमच्या भागात अशा वेळी एक शब्द निघतो, करणी. तो शब्द एकदा कोणाच्या तोंडून निघाला की सुनेला त्या घरात पाणी मिळायचं नाही. बाळाला काही झालं आणि मागाहून हे उघडं पडलं, तर बहिणीला माघारी घेऊन यायचीच तयारी ठेवावी लागली असती, तीही बाळाविना. आणि नाही सांगितलं तर बाळ त्याच गादीवर.

लगेच निघावं तर पाऊस थांबेना. किन्हवलीवरून मुरबाडला जाणारी एसटी बंद होती, वाटेतल्या पुलावरून पाणी होतं. फोन आमच्याकडे नव्हता, तिकडेही नव्हता. ते दिवस आईने एक गोधडी शिवून काढले. आजीची आणि स्वतःची जुनी लुगडी काढली, मऊ झालेली, आणि दिवसभर ओटीवर बसून टाके घालत राहिली. बेत असा होता की गोधडी द्यायची, बाळाला आजीच्या लुगड्याचीच ऊब लागते असं काहीतरी सांगायचं, आणि गादी परत मागून आणायची. कोणाला काही कळायचं नाही. तिचे टाके इतके बारीक मी कधी बघितले नव्हते. अधूनमधून ती सुई थांबवून कान द्यायची. पावसात कुठे काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. "तिकडं खोकत असंल का गो ते?" ती मला विचारायची, जणू मला इथून ऐकू येणार होतं.

पाणी उतरलं त्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही निघालो. वडिलांना सांगितलं, लेकीची आठवण येते. गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही बाजूंना भात चांगलं वर आलं होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. गोधडी मांडीवर घट्ट धरलेली. मुरबाडला उतरून आम्ही दुसरी गाडी पकडली आणि पुढे चिखलातून चालत गेलो.

बहिणीच्या घराची पडवी दिसली आणि आतून खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, थांबून थांबून येणारा. आईने माझं मनगट पकडलं. मला एवढंच आठवतं की माझी बोटं बधिर झाली तरी मी हात सोडवून घेतला नाही. पुढचा खोकला येईपर्यंत आम्ही दोघी चिखलात उभ्या होतो.

मग बहीण बाहेर आली, कडेवर बाळ. गुटगुटीत, काजळाने डोळे बरबटलेले, आम्हाला बघून बोळकं पसरून हसणारं. आईने त्याला घेतलं, त्याच्या छातीला, पाठीला, मानेला हात लावला. तेवढ्यात आतून तोच खोकला परत आला आणि पाठोपाठ पदराने तोंड पुसत विहीणबाई बाहेर आल्या.

आईने ठरल्याप्रमाणे बोलायला सुरुवात केली. गोधडी पुढे केली. लुगड्याची ऊब, आजीची माया, सगळं सांगितलं. विहीणबाईंनी गोधडी हातात घेऊन टाके बघितले आणि चांगली आहे म्हणाल्या. पण गादी परत द्यायची गोष्ट निघताच त्यांचा चेहरा बदलला. बाळंतविड्यात आलेली वस्तू परत देत नाहीत, त्याने बाळाचं आयुष्य उणं होतं, एवढं तुम्हाला कळत नाही का, असं त्यांनी सरळ विचारलं. आईने अजून एकदा वेगळ्या शब्दांत मागून बघितली. त्यांनी आणखी ठामपणे नाही म्हटलं.

आई खाली बसली. बाळ तिच्या मांडीवर होतं. मला वाटलं ती आता उठेल आणि आम्ही तशाच परत जाऊ.

"ती गादी मेलेल्या मानसाची हाय," आई म्हणाली. "मला ठावं नवतं. कॉलनीत टाकलेली व्हती, मी उचलून आनली. म्हातारा त्याच गादीव गेला. छातीच्या दुखन्यानं."

बहिणीने झडप घालून बाळ उचललं. मी विहीणबाईंच्या तोंडाकडे बघत होते आणि त्या एका शब्दाची वाट बघत होते. त्या उभ्याच होत्या. मग त्यांनी विचित्र आवाजात विचारलं, "पोराला कोनी घातलाय त्याव?"

आईला कळेना. बहिणीनेच सांगितलं, तेही जणू आत्ता पहिल्यांदा लक्षात आल्यासारखं. त्यांच्या घरात दात आल्याशिवाय बाळाला कापसावर निजवत नाहीत. जुन्या लुगड्यावरच ठेवतात. बाळ त्या गादीवर एकदाही झोपलं नव्हतं. मी आईकडे बघितलं. तिचे खांदे खाली आले आणि तोंडातून एक हुंकार निघाला.

"मंग गादी?" तिने विचारलं.

"येवढी चांगली गादी उंदरांना ठेवू?" विहीणबाई म्हणाल्या. "माजी कंबर धरते. मीच निजते त्याव."

हे म्हणता म्हणताच त्यांना कळलं. त्यांनी पदराचं टोक, ज्याने आत्ताच तोंड पुसलं होतं, ते उलटसुलट करून बघितलं. खोकला परत येऊ नये म्हणून त्या तोंड मिटून उभ्या होत्या, आणि तो यायचा तो आलाच.

ती संध्याकाळ फार वाईट गेली. विहीणबाई रागावल्या, आणि का रागावू नयेत. त्यांनी गादी स्वतःच्या हाताने फरफटत अंगणात पावसात नेऊन टाकली, आणि बहिणीच्या नवऱ्याने तिला चीर देऊन ती गावाबाहेर नेली. आमच्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आम्हाला जेवायला वाढलं, पण वाढणाऱ्या हाताकडे बघायची आमची हिंमत नव्हती. करणी हा शब्द त्या काढतील म्हणून मी झोप येईपर्यंत कान टवकारून पडले होते. त्यांनी तो काढला नाही. कधीच काढला नाही. आईची भीती बाळावरून उठली होती आणि आता त्या बाईवर जाऊन बसली होती, जिला ती वर्षभर घाबरत आली होती.

सकाळी विहीणबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ओटीवर आल्या. तोंड सुकलेलं. आईला म्हणाल्या, "चल. कंच्या दवाखान्यात नेतेस ते ने." एवढंच. पण गाडीत त्यांनी आईला शेजारी बसवलं.

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात रांग होती. रांगेत सगळेच खोकत होते असं मला वाटत होतं. मी पदरासारखी ओढणी तोंडावर धरली होती. विहीणबाई सुरुवातीला ताठ बसल्या होत्या. मग त्यांनी आईला हळूच विचारलं की म्हाताऱ्याला किती दिवस झाला होता तो रोग, आणि तिने ठाऊक नाही म्हटल्यावर तिचा हात धरला. एवढा खणखणीत आवाज असलेली बाई इतकी घाबरू शकते हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि माझं उरलंसुरलं अवसानही गळालं. मोठी माणसं घाबरत नाहीत या समजुतीवर मी तोवर कसेबसे दिवस काढत होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं की हा रोग खोकणाऱ्या माणसापासून हवेतून होतो, उन्हात वाळवून पिंजलेल्या कापसातून नाही. तरी विहीणबाईंची छाती तपासली, थुंकी तपासायला सांगितली. पुढच्या आठवड्यात कळलं की थुंकीत काही नव्हतं. तो पावसाचा आणि चुलीच्या धुराचा खोकला होता आणि दसऱ्यापर्यंत गेलाही. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक? आई मान हलवत होती, आणि तिला डॉक्टरांचं काहीएक पटलेलं नाही हे मला तिच्या मान हलवण्यावरून कळत होतं.

"आणखी कोणी झोपलंय का त्या कापसावर?" डॉक्टरांनी विचारलं.

मी जमिनीकडे बघत होते. आई नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. इतक्या दिवसांत तिने माझ्या उशीचं नाव काढलं नव्हतं. बाळ काय, विहीणबाई काय, तिने सगळ्यांसाठी जीव टांगला होता. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं की एक तर मी तिच्या लक्षात नाही, किंवा माझं काही खरं नाही म्हणून ती बोलत नाही. यातलं कुठलं जास्त भीतीदायक, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

आईने मला दंडाला धरून पुढे केलं. "ही. हिची उशी व्हती."

डॉक्टरांनी मला विचारलं, खोकला येतो का? मी तोंड उघडायच्या आत आई बोलायला लागली. "खोकला नाय. एकदा रातची खोकली, पन पानी पिऊन निजलेली. सांजचं अंग कोमट लागतं, चुलीपाशी बसते म्हनून. बाकी टायमाला नाय. जेवते पोटभर, पन या आठवड्यात भाकरी पुरती खात नाय. झोपेत श्वास डाव्या कुशीव घेते तेवा जरा वाजतो, उजव्या कुशीव नाय."

एवढं कसं ठाऊक, असं डॉक्टरांनी विचारलं.

"ही निजली का रोज छातीला कान लावते मी," आई म्हणाली. "हिच्या देखत नाय लावला. म्हटलं, पोर भियाल."

डॉक्टरांनी नळी माझ्या छातीला लावली, मग पाठीला. मोठा श्वास घ्यायला सांगितला. माझा श्वास रडण्याने तुटत होता, म्हणून त्यांना थांबावं लागलं. विहीणबाईंनी मला पाणी पाजलं. मग डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, हिची छाती स्वच्छ आहे, काही नाही हिला.

"परत बगा, सायब," आई म्हणाली.